हिजानत : आईचा हक्क, लेकराचा हक्क

रमजानच्या पहिल्या दोन-तीन रात्रींतच तरावीहच्या नमाजमध्ये कुरआनचा दुसरा पारा पढला जातो. त्यात सूरह बकरहची २३३ वी आयत येते. मागेपुढे सगळा विषय तलाकचा, आणि मधेच ही आयत तान्ह्या बाळाकडे वळते. मातांनी आपल्या मुलांना पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे. त्या काळात तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर राहील. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही नाही. दूध लवकर तोडायचे असेल, तर दोघांनी विचारविनिमय करून ठरवावे. नवरा-बायकोचे नाते संपले तरी आई आणि बाप हे नाते संपत नाही, हे या आयतीने गृहीतच धरले आहे.

मोहल्ल्यात मात्र वेगळे ऐकू येते. ‘मूल बापाचं. तिला जायचं तर जाऊ दे, पोरं इथंच राहतील.’ तलाकच्या बैठकीत हे वाक्य इतक्या ठामपणे उच्चारले जाते, की ऐकणाऱ्याला तो शरीअतचाच हुकूम वाटावा. तो तसा नाही. वंश बापाच्या नावाने चालतो हे खरे, पण लहान मूल कोणाजवळ राहील हा प्रश्न इस्लामी कायद्याने त्यापासून वेगळा ठेवला आहे. त्याला नावही वेगळे आहे, हिजानत. हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थच ‘कूस’ असा होतो.

हा कायदा ज्या प्रसंगावर उभा आहे, तो अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे. एक तलाकशुदा स्त्री प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. या मुलाला मी पोटात वाढवले, अंगावर पाजले, मांडीवर घेतले. आता त्याचा बाप मला तलाक देऊन त्यालाही नेऊ पाहतो आहे, अशी तिची तक्रार होती. तू दुसरे लग्न करत नाहीस तोवर याच्यावर तुझाच अधिक हक्क आहे, असा निवाडा प्रेषितांनी दिला.

दुसरी हकीकत त्याहून बोलकी आहे, कारण तिथे हरणारा बाप साधासुधा माणूस नव्हता. हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेतील एका अन्सारी पत्नीला तलाक दिला होता. त्यांचा मुलगा आसिम आईच्या माहेरी वाढत होता. एकदा कुबा इथे मशिदीच्या आवारात तो खेळताना दिसला. बापाला राहवले नाही. त्यांनी त्याला दंडाला धरून उचलले आणि आपल्यापुढे सवारीवर बसवले. तेवढ्यात मुलाची नानी धावत आली. ओढाताण झाली आणि भांडण खलीफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेले. मूल बाईकडे राहू द्या, मध्ये येऊ नका, असे त्यांनी सांगितले. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त ही हकीकत आहे, आणि उमर (रजि.) यांनी त्यावर उलट शब्द काढला नाही हेही तिथेच नोंदले आहे. पुढे स्वतः खलीफा झालेला हा करारी माणूस एका म्हाताऱ्या सासूसमोर खटला हरला आणि गप्प राहिला. आज मुलाला शाळेच्या फाटकातून परस्पर उचलून नेणाऱ्या बापांना ही गोष्ट कोणीतरी ऐकवायला हवी.

पुढच्या फिकह-पंडितांनी याच पायावर नियम बांधले. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. शाफई मतानुसार मूल समजत्या वयाचे, म्हणजे सुमारे सात वर्षांचे झाले की आई की बाप हे त्यालाच विचारायचे. हा फरक महाराष्ट्रात केवळ पुस्तकी नाही. कोकणातील मुसलमान बहुसंख्येने शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. मालिकी पंथ मुलीला तिच्या लग्नापर्यंत आईकडे ठेवतो, तर शिया इस्ना अशरी कायद्यात मुलग्याची मुदत दोन वर्षांची आणि मुलीची सातची. आई नसेल, तर हनफी क्रमात आधी नानी येते, मग दादी.

हिजानतबरोबर विलायत हा दुसरा शब्द समजून घ्यावा लागतो. मुलाचा सांभाळ म्हणजे हिजानत. त्याची मालमत्ता आणि व्यवहार यांचे पालकत्व म्हणजे विलायत, आणि ती बापाकडे. १९१८मध्ये इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हाच भेद कायम केला. न्या. सय्यद अमीर अली यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार आईला ठरावीक वयापर्यंत मुलाचा ताबा मिळतो, पण ती नैसर्गिक पालक नसल्याने अज्ञानाची मालमत्ता विकू शकत नाही. यावर इतरांनी फार नाक मुरडू नये. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे ठेवले आहे, आणि नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई असाच क्रम लिहिला आहे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो खुलाच्या वेळी. खुला म्हणजे बायकोने मागितलेली फारकत. त्यात ती बहुधा मेहर सोडते. पण कित्येकदा नवरा तेवढ्यावर थांबत नाही. ‘खुला हवा ना, मग मुलं ठेवून जा’ अशी अट घातली जाते, कागद होतो, दोन साक्षीदार सह्या करतात. हनफी फिकहचे यावरचे उत्तर स्पष्ट आहे. असा खुला वैध, अट बाद. कारण आईजवळ राहणे हा फक्त आईचा नव्हे, मुलाचाही हक्क आहे, आणि मुलाचा हक्क आईला सौद्यात देऊन टाकता येत नाही. बैठकीत बसणाऱ्या जबाबदार मंडळींपैकी किती जण त्या घाबरलेल्या बाईला हे सांगतात?

पुनर्विवाहाचा मुद्दा मात्र अवघड आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. आईने मुलाशी रक्ताचे नाते नसलेल्या पुरुषाशी लग्न केले, तर परंपरागत कायद्यानुसार तिची हिजानत जाते. मुलाच्या चुलत्याशी केले तर हनफी मतात जात नाही. यामागे सावत्र बापाच्या घरी मुलाची आबाळ होऊ नये ही काळजी आहे. तरीही बापाने दुसरे लग्न केल्यावर सावत्र आईबद्दल हीच काळजी का वाटू नये, हा मुलींचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

भारतातील न्यायालये हा प्रश्न १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली सोडवतात. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याचे १७ वे कलम मुलाला लागू असणारा व्यक्तिगत कायदा विचारात घ्यायला सांगते, पण नजर मुलाच्या हितावर ठेवायला लावते. मुलाला पुरेशी समज असेल, तर त्याचे म्हणणेही ऐकता येते. म्हणून सातवा वाढदिवस झाला की मुलगा आपोआप बापाच्या घरी, असे होत नाही. अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात, कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे करायचा असतो. माहेरी परतलेल्या आईला ही गोष्ट माहीत असली पाहिजे. २०१९च्या कायद्यानेही तिहेरी तलाक दिलेल्या स्त्रीला अज्ञान मुलांच्या ताब्याचा हक्क दिला, तो कसा ते दंडाधिकारी ठरवतात.

खर्चाबाबतही गैरसमज आहेत. १९८६च्या कायद्यात मुलांच्या पोटगीसाठी जन्मापासून दोन वर्षांची मुदत दिसते. त्यावर बोट ठेवून अनेक बापांनी हात वर केले. नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये सांगितले, की ती तरतूद आईसाठी आहे. मुलांचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे. तो ती सज्ञान होईपर्यंत आणि मुलींच्या बाबतीत लग्नापर्यंत चालतो.

आईकडे ताबा आहे म्हणून बापाची भेट तोडता येत नाही, हेही तितकेच खरे. रमजान संपत आला की ईदच्या दिवशी मूल कोणाकडे, यावर घराघरांत कटुता येते. सकाळी एकाकडे, दुपारी शिरखुर्म्याला दुसरीकडे, असे दोन्ही घरांनी बसून ठरवले तर ते त्या आयतीतल्या विचारविनिमयातच बसते. अठ्ठावीसाव्या पाऱ्यात सूरह तलाक येते. तिथे तलाकशुदा आईला मुलाला दूध पाजण्याचा मोबदला द्या, असा हुकूम आहे. आणि ईदच्या नमाजआधी अज्ञान लेकराचा फितरा काढण्याची जबाबदारी बापाची आहे, लेकरू त्या रात्री नानीच्या घरी झोपलेले असले तरी.