होमकमिंग : अख्खे गाव शाळेत

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या लहान गावांवर एकाच रंगाची कळा चढते. बँकेच्या काचेवर, केशकर्तनालयाच्या दारात, पेट्रोल पंपावर गावच्या हायस्कूलचे नाव झळकू लागते. निवडणूक नसते की जत्रा नसते. शाळेचे ‘होमकमिंग’ जवळ आलेले असते.

होमकमिंग म्हणजे घरी परतणे. शाळा सोडून गेलेल्यांनी वर्षातून एकदा परत यावे, आपल्या संघाचा सामना पाहावा, जुन्या शिक्षकांना भेटावे, एवढाच याचा मूळ अर्थ. सामना अर्थात अमेरिकन फुटबॉलचा. चेंडू हातात घेऊन पळण्याचा, डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांवर तुटून पडण्याचा खेळ.

या प्रथेच्या जन्माचा मान कोणाला द्यायचा यावर तिथे आजही वाद आहे. टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठाने १९०९ साली माजी विद्यार्थ्यांना असे बोलावले होते. मिझुरी विद्यापीठ १९११ सालचा दाखला देते. त्या वर्षी कॅन्ससविरुद्धचा सामना त्रयस्थ शहराऐवजी कोलंबियातल्या विद्यापीठाच्या मैदानावर भरवायचा होता. तेवढे प्रेक्षक तिथे येतील का, ही शंका होती. तेव्हा क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असे आवाहन केले. हजारो लोक आले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला! विद्यापीठांची ही रीत पुढे हायस्कुलांनी उचलली आणि तिथे ती अधिकच रुजली.

पायजमा घालून वर्गात

नववी ते बारावी अशा चार इयत्तांच्या हायस्कुलात सामन्याआधीचा आठवडा ‘स्पिरिट वीक’ म्हणून पाळला जातो. एक दिवस सगळ्यांनी झोपण्याच्या कपड्यांत यायचे, एक दिवस मैत्रिणींनी जुळ्या बहिणींसारखे सजायचे, एक दिवस आजोबांच्या तरुणपणाची फॅशन करायची. शुक्रवारी शाळेचे रंग. बरेचदा शिक्षकही यात सामील होतात. बीजगणिताचे कडक सर पायजम्यात फळ्यापुढे उभे राहिले की मुलांच्या मनातली भीती निम्मी तरी कमी होत असणार.

इयत्ताइयत्तांमध्ये चुरस लागते. चित्ररथ सजवून गावातून मिरवणूक निघते. जिममध्ये सारी शाळा जमून घोषणा देते, बँड वाजतो, त्याला ‘पेप रॅली’ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी दिव्यांच्या झोतात सामना आणि बहुधा शनिवारी रात्री शाळेतच नाच. यातले पुष्कळसे काम पालक करतात. सामन्याच्या वेळी हॉट डॉग आणि कॉफी विकून बँडच्या गणवेशासाठी पैसे जमवणाऱ्या आया तिथे घराघरात आहेत.

टेक्ससची तर तऱ्हाच न्यारी. तिथे मुलगा मुलीला शेवंतीचे फूल देतो. एकेकाळी ते खरे फूल होते, रिबिनी बांधून छातीवर लावायचे. आज ती कापडी शेवंती ताटाएवढी झाली आहे. तिला जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, घुंगरू, टेडी बेअर, चमकते दिवे. टाचणीला पेलत नाही म्हणून ती गळ्यात अडकवावी लागते. विकत घेतल्यास शेकडो डॉलर मोजावे लागतात, म्हणून कित्येक आया रात्री जागून ती घरीच गुंफतात. गौरीसाठी शेवंतीची वेणी आणणाऱ्या आपल्या गृहिणींना ही हौस अनोळखी वाटू नये. वजन तेवढे जास्त.

मुकुट कोणाचा?

या आनंदाला एक काटाही आहे. सामन्याच्या मध्यंतरात मुलांनीच मते देऊन निवडलेल्या राजाराणीला मुकुट घातला जातो. गुण नाही, खेळ नाही, केवळ लोकप्रियता. ज्यांना कोणी विचारत नाही अशा मुलामुलींनी त्या आठवड्यात काय करायचे?

२०१२ साली मिशिगन राज्यातल्या एका लहान गावात हा प्रश्न फार बोचऱ्या रीतीने पुढे आला. दहावीतल्या एका शांत मुलीला वर्गाने या दरबारासाठी निवडले. ती आनंदली, पण लवकरच तिला कळले, की ही निवड म्हणजे तिची थट्टा होती. मुले हसत होती. मग गाव उठले. कोणी पोशाख दिला, कोणी जोडे, कोणी केशरचनेचा खर्च उचलला. घरच्यांच्या आग्रहाने मुलगी मैदानात आली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट करून तिला मानवंदना दिली. ज्या प्रथेने तिला रडवले, त्याच प्रथेसाठी जमलेल्या गावाने तिला सावरले. मात्र गाव नेहमी इतके शहाणे असतेच असे नाही. जॉर्जियाच्या विल्कॉक्स परगण्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांचे नाच पालक पिढ्यानपिढ्या वेगवेगळे भरवत. २०१३ साली दोन गोऱ्या आणि दोन काळ्या मैत्रिणींनी स्वतः निधी जमवून वर्षअखेरचा एकत्र नाच घडवून आणला.

अलीकडे अनेक शाळांनी राजा-राणी हा भेद सोडून कोणत्याही दोघांना मुकुट देण्याची पद्धत आणली आहे. हे बदल सगळ्या पालकांना रुचलेले नाहीत.

गरबा की नाच?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय घरांत होमकमिंग वेगळाच पेच घेऊन येते. महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव, नवरात्रीचा गरबा आणि शाळेचा नाच, सारे याच दिवसांतल्या शनिवार-रविवारी. मुलगी म्हणते, “आई, सगळ्या जाताहेत.” आईला दिसतो तो गुडघ्यापर्यंतचा पोशाख आणि ‘बरोबर कोण मुलगा?’ हा प्रश्न.

इथे पालकांनी थोडी माहिती करून घेतली तर निम्मी काळजी मिटेल. नाच शाळेच्या देखरेखीखाली होतो. शिक्षक आणि पालक हजर असतात. बाहेरच्या शाळेतला पाहुणा आणायचा तर बहुतेक ठिकाणी आधी अर्ज भरावा लागतो आणि मध्येच बाहेर पडलेल्याला बऱ्याच शाळा पुन्हा आत घेत नाहीत. जोडीदार हवाच असेही नाही, पुष्कळ मुलेमुली मित्रमैत्रिणींचा घोळका करून जातात. खरा धोका नाचानंतरच्या, मोठ्यांशिवायच्या घरगुती पार्ट्यांत असतो. ‘जाऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘नंतर कुठे जाणार, कोणाच्या गाडीने परतणार?’ हे विचारणे अधिक उपयोगाचे.

आपल्याकडेही माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. पण त्यांत जुनी तुकडी स्वतःतच रमते. आजची मुले फार तर स्वागतगीत म्हणतात आणि चहा देतात. होमकमिंगला मैदानात उतरतात ती आजची मुले. चाळीस वर्षांपूर्वी त्याच संघातून खेळलेले आजोबा बाकावर बसून त्यांच्यासाठी घसा कोरडा करतात आणि शेजारच्या अनोळखी पोराला सांगतात, आमच्या वेळी मैदान एवढे सपाट नव्हते.