चौकट : बशीतली चरबी, बशीतला कर्करोग

स्तनातल्या मेदपेशी नुसती चरबी साठवत नाहीत; त्या लेप्टिनसारखी संप्रेरके सोडतात. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांचे काम थांबते, तेव्हा शरीरातले इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते. त्या वयातल्या स्थूलतेने स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते, त्याचे हे एक मोठे कारण.

चरबी आणि कर्करोगाचे हे नाते प्रयोगशाळेत तपासणे किचकट असते. पक्व मेदपेशी तेलाने भरलेल्या असल्याने बशीच्या तळाला चिकटत नाहीत, वर तरंगतात. म्हणून अनेकदा उंदराच्या ‘३टी३-एल१’ पूर्वपेशींना इन्सुलिन, डेक्सामेथासोन वगैरे देऊन मेदपेशी घडवतात. मग बारीक छिद्रांच्या पडद्याच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला ‘एमसीएफ-७’सारख्या कर्कपेशी. पेशी वेगळ्या राहतात, स्राव मात्र पलीकडे पोचतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले, की अशा सहवासात मेदपेशींतली चरबी घटते आणि कर्कपेशी अधिक आक्रमक होतात. तरीही सपाट बशी खऱ्या स्तनापासून दूरच. कोलॅजेनच्या त्रिमितीय जाळ्यातले प्रयोग मला अधिक मोलाचे वाटतात.

अशा प्रयोगांमागच्या ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या तंत्राचा, भारतात पाया घातला तो पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी, परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. उंदरांतल्या स्तनकर्करोगाचा अभ्यास हे त्यांचे मोठे काम. १९५२ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा वारसा आज पनवेल तालुक्यातल्या खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये चालू आहे.