अंगठा बाहेर ठेव

जीप शिकवताना मामांनी पहिला धडा क्लचचा दिला नाही, अंगठ्याचा दिला. "स्टेअरिंगच्या आत अंगठा घालायचा नाही." पुढचं चाक दगडावर आपटलं की धक्का टायरॉड, ड्रॅग लिंक, स्टेअरिंग बॉक्स असा उलटा वर चढतो. स्टेअरिंग गर्रकन फिरतं आणि आत अडकलेला अंगठा कामातून जातो.

महिंद्रने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा या गाड्यांचे टायर ६.००-१६ मापाचे, अरुंद असत. आता हौशी मंडळी २३५/७५ आर १५ घालतात आणि जागेवर गाडी वळवताना खांदे धरतात. माझी एमएम ५४०सुद्धा त्याच वाटेने गेली. पन्नाशी ओलांडल्यावर ठरवलं, पॉवर स्टेअरिंग बसवायचं.

ही युक्ती तशी जुनी. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच ती गाडीत चालवून दाखवली होती. विकायच्या मोटारीत मात्र ती आली १९५१ च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये. बॉक्समध्ये बोटाएवढी एक पोलादी कांडी असते. चाकाने विरोध केला की ती किंचित पिळते, तेवढ्याने झडप उघडते आणि पंपाचं तेल पिस्टनला ढकलतं. टायरमध्ये हवा तीसेक पीएसआय. इथे तेलाचा दाब हजाराच्या वर जातो. म्हणून पंपाकडून बॉक्सकडे जाणारा पाइप प्रेस केलेल्या टोकांचाच हवा. क्लिप आवळलेला रबरी पाइप परतीच्या तेलाला चालतो, तिथे नाही.

बहुतेक जण बोलेरोचा बॉक्स शोधतात, मीही तोच आणला. इंजिनावर पंपासाठी जागाच नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ब्रॅकेट करून घेतलं. पुल्या एका रेषेत आहेत का, हे लेथवाल्याने दोरी ताणून पाहिलं. दोरा सुताएवढा सुटला तरी त्याने ब्रॅकेट पुन्हा मशीनवर चढवलं. पट्टा तिरका चालला तर महिन्यात कडा खातो, म्हणाला.

खरं काम चेसीवर असतं. आधी चाक अडलं की आपला हात थांबायचा. आता पंप थांबत नाही, आणि तो सगळा जोर बॉक्सच्या बोल्टांवर येतो. त्या जागी जाड प्लेट वेल्ड करावी लागते. बोल्टच्या भोकात पोलादी नळी घालावी लागते, नाहीतर आवळताना चेसीच चेपते. किंगपिनचा प्ले, झिजलेले टायरॉड एंड हे सगळं आधी काढायचं. पॉवर स्टेअरिंग ते बरं करत नाही, फक्त हाताला कळू देत नाही. आणि हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

माझी चूक वेगळीच निघाली. नवा बॉक्स जुन्यापेक्षा वर बसला आणि ड्रॅग लिंक तिरकी झाली. करूळ घाटात चाक खड्ड्यात उतरलं आणि गाडी आपणहून दरीकडे वळली. पाटा दबताना एक्सल ज्या वाटेने हलतो, त्याच वाटेने लिंकही हलायला हवी, ती हलत नव्हती. "ड्रॉप आर्म तापवून वाकवू का?" एका गॅरेजवाल्याने विचारलं. बॉक्स आणि ड्रॅग लिंक जोडणाऱ्या फोर्जिंगच्या त्या तुकड्याला गॅस लावणं म्हणजे जिवाशी खेळ. शेवटी बॉक्सच खाली घेतला, प्लेट नव्याने मारली.

तेल भरताना पुढची दोन्ही चाकं उचलायची आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवायचं. टाकीतल्या लाल तेलावर गुलाबी फेस आहे तोवर हवा आत आहे. घाईने इंजिन सुरू केलं तर पंप रडतो.

छोट्या मोटारीतलं विजेवरचं स्टेअरिंगही काही जण बसवतात. पाइप नाहीत, गळती नाही. पण ते वीज खातं, आणि जुना डायनामो तिथेच हात टेकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बोट ठेवलं. कामाला हात घालण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

आता ओढ्यातल्या दगडांत स्टेअरिंग एका हाताने फिरतं, झटका तेलातच जिरतो. मात्र पट्टा तुटला तर तेच स्टेअरिंग आधीपेक्षाही जड होतं, कारण बॉक्समधलं तेलही आपल्यालाच ढकलावं लागतं. सीटखाली एक जादा पट्टा आणि तेरा-चौदाचा पाना कायम असतो.