माशाच्या स्नायूत आहाराची नोंद

● स्थिर समस्थानिके : कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ हे अनुक्रमे कार्बन व नायट्रोजन यांचे किंचित जड प्रकार. त्यांतून किरणोत्सर्ग होत नाही.

● नायट्रोजन सांगतो पायरी : अन्नसाखळीत एक पायरी वर गेले की नायट्रोजन-१५चे प्रमाण सरासरी दर हजारी ३.४ने वाढते. त्यावरून शेवाळ खाणारा मासा आणि शिकारी मासा ओळखता येतो.

● कार्बन सांगतो उगम : कार्बन-१३चे प्रमाण पायरीगणिक फारसे बदलत नाही, उगमागणिक मात्र बदलते. त्यामुळे प्रवाळभित्तीवरच्या माशाचे अन्न तळाच्या शेवाळातून आले की तरंगत्या वनस्पतिप्लवकांतून, हे समजते.

● तपासणी : पाठीच्या स्नायूचा तुकडा वाळवून, दळून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासतात. पोटातून शेवटचे जेवण कळते, स्नायूतून काही आठवड्यांचा वा महिन्यांचा आहार.

● वर्ध्याच्या शिवारात : ठरावीक मानकाच्या तुलनेत कार्बन-१३चे मूल्य ज्वारीत दर हजारी सुमारे उणे १३, तर कापूस, तूर, सोयाबीनमध्ये सुमारे उणे २७ असते. धाम, बोर नद्यांतील माशांच्या आहारात शेतातला पालापाचोळा किती, हे शोधताना हा फरक उपयोगी ठरेल.

● महाराष्ट्रासमोरील समुद्रातले प्रवाळ : मालवणचे सागरी अभयारण्य (१९८७) आणि विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवरील आंग्रिया बँक. कोणता मासा कशावर जगतो हे कळल्याशिवाय त्यांचे संरक्षण अपुरेच राहील.