गिफ्टेड वर्ग : निवड आणि अध्यापन

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात असामान्य बुद्धीच्या मुलांचे शिक्षण हा विशेष शिक्षणाचाच भाग मानला जातो. ऐकण्याची किंवा वाचनाची अडचण असलेल्या मुलाची गरज जशी वेगळी, तशीच वर्गाच्या फार पुढे असलेल्या मुलाचीही वेगळी, ही त्यामागची भूमिका. प्राथमिक शाळेतील ‘गिफ्टेड’ कार्यक्रमाची कामे दोन : मूल शोधणे आणि त्याला शिकवणे.

रूढ पद्धतीत शिक्षक किंवा पालक मुलाचे नाव सुचवतात. पालकांची संमती मिळाली की मानसशास्त्रज्ञ त्या एकट्या मुलाला समोर बसवून चाचणी घेतो. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातली नक्षी तयार करायची, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे, दोन शब्दांतले साम्य सांगायचे, अशी कामे मुलाला दिली जातात. सरासरी बुद्ध्यंक १०० धरला, तर पात्रतेची रेषा १३० च्या आसपास असते. शंभरांत साधारण दोन मुले तिच्या वर जातात. सोबत शिक्षक मुलाच्या गुणवैशिष्ट्यांची यादी भरून देतात. गरीब घरातल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्यांना निराळी योजना आखता येते.

या पद्धतीतला कच्चा दुवा पहिल्याच पायरीवर आहे. ज्याचे नाव कोणी सुचवत नाही, ते मूल चाचणीपर्यंत पोहोचतच नाही. राज्यातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने २००५ मध्ये दुसरीच्या सरसकट सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली. ही चाचणी आकृत्यांची असते. नक्षीतला एक तुकडा गाळलेला असतो आणि तिथे कोणता तुकडा बसेल ते ओळखायचे असते. भाषेवरचा भार कमी असल्यामुळे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलालाही ती सोडवता येते. तीत चमकलेली मुले मग मानसशास्त्रज्ञाकडे जात. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. पात्रतेची रेषा तीच असूनही गिफ्टेड ठरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचे १३० टक्क्यांनी वाढले होते. ही मुले आधीही त्याच शाळांत बसत होती. पुढे पैशांअभावी सरसकट चाचणी थांबली आणि जुनी तफावत परतली.

निवड झालेल्या मुलासाठी शिक्षक, पालक आणि शाळेचे प्रतिनिधी मिळून लेखी शैक्षणिक आराखडा तयार करतात. मुलाची बलस्थाने, गरजा आणि उद्दिष्टे त्यात नोंदवलेली असतात. काही शाळांत मुले आठवड्यातला ठरावीक वेळ नेहमीचा वर्ग सोडून गिफ्टेड शिक्षकाकडे जातात, तर काही ठिकाणी त्यांचा पूर्ण वेळ वेगळा वर्ग असतो. या शिक्षकांना पाच विषयांचे अतिरिक्त प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात अभ्यासक्रमाच्या आखणीबरोबर समुपदेशनही येते. आजवर सगळे सहज जमत आलेले मूल पहिल्यांदा अडखळले की पाटी टाकून देऊ शकते. त्याला चुकायला शिकवणे हाही अध्यापनाचाच भाग असतो.

अध्यापनाचा गाभा म्हणजे येत असलेला भाग वगळणे. धडा सुरू होण्याआधीच त्यावरची पूर्वचाचणी घेतली जाते. अपूर्णांकांची बेरीज ज्याला येते, त्याला त्याच उदाहरणांच्या ओळी पुन्हा घोकायला लावत नाहीत. वाचलेल्या वेळात त्याला सखोल प्रश्न देता येतो : १/४ चे दशांश रूप ०.२५ वर संपते, मग १/३ चे ०.३३३… असे चालूच का राहते? मुले १/५, १/६, १/७, १/८ तपासतात, तक्ता करतात आणि अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदाच्या मूळ अवयवांत फक्त २ आणि ५ असतील तरच दशांश रूप संपते, या नियमापर्यंत स्वतः पोहोचतात. सॅली राइस आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात अशा मुलांचा काही विषयांतला ४० ते ५० टक्के नेहमीचा अभ्यास वगळूनही त्यांचे गुण घसरले नाहीत.

सरसकट चाचणी सुरू करणाऱ्या त्याच जिल्ह्यात चौथी-पाचवीच्या गिफ्टेड वर्गात जागा उरल्या, तर आदल्या वर्षीच्या गुणांनुसार त्या इतर मुलांना मिळत. कार्ड आणि जुलियानो यांना असे आढळले, की १३० च्या रेषेवरून आलेल्या मुलांच्या परीक्षेतल्या गुणांत या वर्गामुळे ठळक फरक पडला नाही. उरलेल्या जागांवर आलेल्या मुलांनी मात्र वाचनात आणि गणितात चांगली प्रगती केली. त्यातही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचा लाभ जास्त होता. म्हणजे या वर्गाचे दार किती रुंद ठेवायचे, हा प्रश्न वर्गात काय शिकवायचे याइतकाच मोलाचा ठरतो.