म्हातारपणाचा भार आणि काउंटीची तिजोरी

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की गावातला दहा-वीस खाटांचा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्याला हाताने भरवावे लागते, कूस बदलून द्यावी लागते, ज्याला पोटच्या मुलाचे नावही आठवत नाही, अशा वृद्धांना वर्षानुवर्षे सांभाळणारी जागा म्हणजे तिथले नर्सिंग होम. त्यांतली बहुतेक खासगी मालकीची आहेत. काही मात्र काउंटी चालवते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आणि त्याचा कारभार पाहणारी, लोकांनी निवडून दिलेली संस्था. काउंटीची ही घरे गेल्या काही वर्षांत एकामागून एक विकली जात आहेत. ती का विकली जातात, हे आपणही समजून घ्यावे असे आम्हांला वाटते. कारण हा प्रश्न आपल्याही दाराशी येऊन उभा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या काउंट्या गरिबांसाठी 'पुअरहाउस' चालवत. निराधार म्हातारे, अपंग, मनोरुग्ण, सारे एकाच छपराखाली. त्यांची अवस्था बहुधा वाईटच असे. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना रोख मदत सुरू केली, पण सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्यांना ती नाकारली. हेतू असा की पुअरहाउस बंद पडावीत. झाले असे की आजारी वृद्ध खासगी घरांकडे वळले आणि तो धंदा वाढला. पुढे 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना आल्या. काउंटीची जुनी घरेही हळूहळू परिचारिका आणि औषधपाणी असलेली नर्सिंग होम बनली.

या दोन योजनांतला फरक लक्षात घेतला की पैशाचे कोडे उलगडते. मेडिकेअर ही वृद्धांची आरोग्य योजना. ती रुग्णालयातून आलेल्या रुग्णाचा नर्सिंग होमचा खर्च ठरावीक अटींवर जास्तीत जास्त 100 दिवस उचलते. कायमच्या सांभाळाचा खर्च ती देत नाही. तो खर्च महिन्याला 8 हजार डॉलरच्या पुढे जातो. आयुष्यभराची पुंजी त्यात दोन-तीन वर्षांत संपते. मग गरिबांसाठी असलेल्या मेडिकेडचे दार ठोठवावे लागते. त्यासाठी बहुतेक राज्यांत एकट्या माणसाजवळ, राहते घर वगैरे काही गोष्टी सोडून, 2 हजार डॉलरपेक्षा अधिक शिल्लक चालत नाही. म्हणजे निम्मे आयुष्य नोकरी केलेला माणूसही अखेरीस कागदोपत्री गरीब होतो. आज तिथल्या नर्सिंग होममधील दर दहापैकी सहा जणांचा खर्च मेडिकेडवर आहे.

मेडिकेडचा दर राज्य ठरवते, आणि तो अनेकदा प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही. काउंटीच्या घरातले कर्मचारी सरकारी असतात. त्यांचा पगार, निवृत्तिवेतन, आजारपणाचा विमा खासगी मालकापेक्षा सहसा जास्त असतो. तूट भरून काढायची ती मुख्यतः लोकांच्या मालमत्ता करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून. त्याच तिजोरीतून तुरुंग, न्यायालये आणि रस्ते चालवायचे. करावर मर्यादाही आहेत. न्यूयॉर्क राज्याने 2011 मध्ये वार्षिक वाढ 2 टक्के किंवा महागाईचा दर, यांतल्या कमी आकड्यावर रोखली. विस्कॉन्सिनमध्ये तर नव्या बांधकामाने जेवढी भर पडेल, साधारण तेवढीच वाढ करता येते. कोविडनंतर माणसे मिळेनाशी झाली, बाहेरच्या एजन्सीकडून परिचारिका महाग दराने आणाव्या लागल्या. खर्च वाढतो, उत्पन्न बांधलेले. अशा वेळी 'विकून टाका' हा पर्याय सभागृहात येतोच.

लोकांनी यावर निरनिराळे कौल दिले आहेत. पेनसिल्व्हेनियातील नॉर्थॅम्प्टन काउंटीचे 'ग्रेसडेल' विकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 2011 मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने पाच वर्षे विक्री रोखली. ते घर आजही काउंटीकडे आहे. इलिनॉयमधील शॅम्पेन काउंटीत 2017 मध्ये नेमके उलटे झाले. घरासाठी कर वाढवायला मतदारांनी नकार दिला आणि विक्रीला मुभा दिली. 2019 मध्ये ते घर खासगी मालकाकडे गेले.

खासगी म्हणजे वाईट आणि सरकारी म्हणजे चांगले, असे आम्ही म्हणत नाही. काउंटीच्या घरांतही हयगय होते, खासगी घरांतही मनापासून खिदमत होते. फरक जबाबदारीचा आहे. स्वतः पैसे भरणारा रुग्ण खासगी मालकाला परवडतो. मेडिकेडवरचा, सांभाळायला अवघड, मागेपुढे कोणी नसलेला रुग्ण परवडत नाही. तो आजवर काउंटीच्या दारात येत असे. घर विकले की खाटा राहतात, पण 'याला आम्हीच घेतले पाहिजे' असे म्हणणारा उरत नाही. त्यात 4 जुलै 2025 रोजी झालेल्या कायद्याने मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च पुढील दहा वर्षांत शेकडो अब्ज डॉलरनी घटणार आहे. राज्यांचा हात आखडला की त्याची झळ काउंटीपर्यंत पोहोचणारच.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल, आमच्यात अम्मी-अब्बांना असे ठेवायची रीत नाही. आईवडिलांची खिदमत हा औलादीवरचा फर्ज आहे, यात शंका नाही. पण ज्याला औलादच नाही त्याचे काय? एकुलता मुलगा रोजंदारीवर आणि वडील अंथरुणाला खिळलेले, अशा घरात तो भार बहुतेकदा एकट्या सुनेच्या पाठीवर पडतो. इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये एक रिवायत आहे. हजरत उमर (रजि.) यांना एक वृद्ध यहुदी भीक मागताना दिसला, तेव्हा त्यांनी बैतुलमालमधून त्याचा वजिफा बांधून दिला. निराधार म्हाताऱ्याचा हक्क सार्वजनिक तिजोरीवर असतो, ही समज आपल्याला परकी नाही.

आपल्या देशातल्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे 19 वे कलम असे सांगते की राज्य सरकार निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेले निदान एक वृद्धाश्रम उभारू शकते. 'उभारू शकते' या शब्दांतच सारे अडले आहे. तिथे सक्ती नाही. आपल्या जिल्ह्यात असे घर आहे काय, त्यात अंथरुणाला खिळलेल्यांना घेतात काय, हे वाचकांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांनाही विचारावे. अमेरिकेतल्या मतदाराला निदान घर राखायचे की विकायचे एवढे तरी विचारले गेले. आपल्याकडे ते घर आधी मागावे लागणार आहे.