खाडीत इंजिन बंद पडलं तर
ठाणे खाडीत किंवा डोंबिवलीच्या मोठागावजवळ जुन्या होडीचं डिझेल इंजिन बंद पडलं, तर लगेच इंजेक्टर खोलू नका. आधी नांगर टाका, नाहीतर ओहोटीत होडी वाहत जाऊन चिखलात रुतते. मग डिझेलची लाइन बघा: टाकी, फिल्टर, पाइपचे जोड. हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. बहुतेक वेळा दुखणं एवढंच असतं.

इंजिन सुरू झालं की धूर बघा: काळा म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त (पंख्यात जाळं अडकलंय का?). निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढराच राहिला, तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी.

इंजिन फार तापतंय? आपल्या खाडीत पहिला संशय प्लास्टिकच्या पिशवीवर! पाणी ओढणारं तोंड साफ करा, मग पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर तपासा.